तावान कुणाकडून घ्यायचा?

धोब्याने कपडा फाडला किंवा शिंप्याने कापड चुकीचे कापले तर भरपाई मागायची की नाही, हा प्रश्न आपल्या आजी-नानींच्या काळात घरोघरी पडत असे. आता कपडे घरच्या मशीनमध्ये धुतले जातात आणि शिवलेले विकत मिळतात. पण आपली वस्तू दुसऱ्याच्या हाती सोपवून काम करून घेणे काही संपलेले नाही. मोबाईल देतो, मिक्सर देतो, पाण्याची मोटार देतो. यात सगळ्यात महागाची वस्तू म्हणजे गाडी. लाखोंची वस्तू गॅरेजमध्ये सोडून, किल्ली मालकाच्या हातात देऊन आपण रिक्षाने घरी येतो. नीट व्हावी म्हणून दिलेली गाडी तिथेच बिघडली तर?

गेल्या वर्षी हे माझ्या बाबतीत घडले. नुकसान फार मोठे नव्हते. भरपाई मागताना मात्र एका पोराच्या पोटावर पाय पडायची वेळ आली. म्हणून हे लिहिते आहे.

मी उर्दू माध्यमाच्या हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. राहायला मिरजेत, शाळा सांगलीला. आमच्या घरात गाडी मीच चालवते. यांना चालवता येत नाही, आणि शिकायची इच्छाही नाही. शेजारी बसून 'हळू, हळू' म्हणण्यात ते समाधानी आहेत. गाडी आठ वर्षांची आहे. सर्व्हिसिंग एका ओळखीच्या गॅरेजमध्ये करते. मालक आमच्याच मोहल्ल्यातले, साठीकडे झुकलेले. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. तिथे काम करणाऱ्या तीन पोरांपैकी एक माझा जुना विद्यार्थी आहे. दहावीनंतर शिक्षण सुटले, घरी वडील आजारी, म्हणून गॅरेजला लागला. त्याची धाकटी बहीण सध्या माझ्याच आठवीच्या वर्गात आहे.

रमजानच्या शेवटच्या आठवड्यात रविवारी गाडी सर्व्हिसिंगला दिली होती. ऑइल बदलणे, फिल्टर, ब्रेक साफ करणे, धुणे. संध्याकाळी गाडी घरी आणली. मंगळवारी सकाळी पार्किंगच्या शहाबादी फरशीवर रुपयाएवढा काळा डाग दिसला. फोटो काढून उस्तादांना पाठवला. त्यांचे उत्तर आले, "ऑइल बदलताना थोडं सांडतं मॅडम, दोन दिवस टपकेल, मग बंद होईल." डिपस्टिक काढून पाहिली. ऑइल खुणेवर होते.

गुरुवारी शाळेतून परतताना विश्रामबागच्या पुढे डॅशबोर्डवर तेलाच्या झारीचे लाल चिन्ह पेटले. ज्या भगिनी गाडी चालवतात त्यांनी एवढे तरी लक्षात ठेवावे की हा दिवा लागला की 'घर जवळच आहे' असे म्हणून पुढे जायचे नसते. ऑइलचा दाब गेला की इंजिनाचे धातू धातूवर घासतात, आणि मग काही हजारांचे काम लाखाच्या घरात जाते. मी तिथेच बाजूला घेऊन इंजिन बंद केले. मागे रस्त्यावर ऑइलची लांब रेघ होती. रोजा सोडायला तासभर राहिला होता. टोइंगवाला मिळाला तो गाडी कूपवाडच्या एका मिस्त्रींकडे घेऊन गेला, कारण त्या वेळी उस्तादांचा फोन लागत नव्हता.

कूपवाडच्या मिस्त्रींनी गाडी लिफ्टवर चढवली आणि मला खाली बोलावून दाखवले. इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणारे भांडे असते, त्याला ऑइल पॅन म्हणतात. त्याच्या तळाला एक बोल्ट असतो. तो काढला की जुने ऑइल खाली येते. मग बोल्ट परत बसवायचा आणि वरून नवीन ऑइल भरायचे. आमच्या गाडीचा पॅन अॅल्युमिनियमचा आहे आणि बोल्ट पोलादी. बोल्ट गरजेपेक्षा जास्त आवळला तर बोल्टला काही होत नाही, पॅनचे आटे जातात. किती जोर लावायचा याचा आकडा कंपनीने ठरवून दिलेला असतो आणि त्यासाठी टॉर्क रेंच नावाचा पाना मिळतो. घाईत मात्र एअर गन लावून 'टर्रर्र' केले की काम झाले, असे समजतात.

आमच्या बोल्टचे तेच झाले होते. तो सैल होऊन जेमतेम लोंबकळत होता. मिस्त्रींनी तो हाताने काढला. त्याच्या आट्यांत अॅल्युमिनियमचे बारीक तारेसारखे तुकडे अडकले होते, आणि त्यावर पांढरी टेफलॉन टेप गुंडाळलेली होती. नळ गळू नये म्हणून प्लंबर लावतात ती.

त्या टेपने मला जेवढा त्रास दिला तेवढा बिघाडाने दिला नाही. आटे जाणे हा कामातला अपघात आहे, चांगल्या हातूनही होतो. टेप मात्र आपोआप गुंडाळली जात नाही. आटे गेलेत हे कुणाला तरी कळले होते, आणि तरीही माझ्या हातात किल्ली आणि बिल दिले गेले.

मी बोल्टचे, पॅनचे, टेपचे फोटो काढले. पॅनवर ठोकर लागल्याची कुठेही खूण नाही, हेही फोटोत येईल असे पाहिले. मिस्त्रींना त्यांच्या बिलाच्या पाठीमागे दोन ओळी लिहून द्यायची विनंती केली : काय दिसले आणि त्यांच्या मते कशामुळे. आढेवेढे घेत त्यांनी लिहून दिले. जुना बोल्ट आणि जुना पॅन पिशवीत घालून घरी आणला. अम्मींनी, म्हणजे सासूबाईंनी, ती पिशवी दोनदा भंगारात टाकायला काढली आणि मी दोनदा परत आणली. खर्च असा झाला : पॅन ३,८५० रुपये, ऑइल आणि फिल्टर २,१००, मजुरी १,२००, टोइंग १,३००. एकूण ८,४५०. पॅन न बदलता जुन्याच छिद्रात नवे आटे पाडून मोठा बोल्ट ठोकणे स्वस्तात झाले असते, पण त्याचा कीस आत राहिला तर तो ऑइलबरोबर इंजिनात फिरतो, असे मिस्त्री म्हणाले. मी नवीन पॅन घेतला.

उस्तादांना फोनवर सांगितले तर त्यांचे पहिले वाक्य, "दगड लागला असेल मॅडम, रस्ते बघा कसे आहेत." दुसरे वाक्य, "इन्शुरन्स आहे ना? दगड लागला म्हणून क्लेम टाकू, तुमचा एक रुपया जाणार नाही."

हा सल्ला आपल्याकडे इतक्या सहज दिला जातो की त्यात काही वावगे आहे असे कुणाला वाटतच नाही. दगड लागलेला नसताना लागला म्हणून लिहायचे, हे खोटे आहे ही पहिली गोष्ट. दुसरी हिशोबाची. वर्षभर क्लेम केला नाही तर पुढच्या वर्षी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते. ती वाढत जाऊन सलग पाच वर्षांनी ५० टक्क्यांपर्यंत जाते. एक क्लेम केला की ही सूट सहसा पुन्हा शून्यावर येते. म्हणजे गॅरेजच्या चुकीचे पैसे पुढच्या काही वर्षांत आपणच भरायचे. मी नाही म्हटले.

शेजारच्या खालांना हे सगळे कळल्यावर त्या म्हणाल्या, "ईदच्या दिवसांत कशाला वाद? आपलाच माणूस आहे, माफ करून टाक." खालांचा हेतू चांगला होता. माफ करणे ही मोठी गोष्ट आहे, मला मान्य आहे. पण माफ करायला आधी समोरच्याने काही घडल्याचे मान्य तर करायला हवे! ते म्हणत होते, दगड लागला. मग मी माफ कुणाला करू, दगडाला?

तरी मनात एक शंका होतीच. कारागिराकडून असे पैसे मागणे आपल्या दीनच्या दृष्टीने योग्य आहे का? की काम करताना झालेले नुकसान नशिबाचे समजून सोडायचे असते? माझ्या लग्नात मिळालेले 'बहिश्ती जेवर' कपाटात होते. मौलाना अशरफ अली थानवी (१८६३–१९४३) यांचे हे पुस्तक आपल्याकडे मुलीला सासरी जाताना देतात, आणि बहुतेक वेळा ते वुजू-नमाजच्या प्रकरणांपुढे उघडले जात नाही. त्यात तावान घेण्याबद्दल, म्हणजे नुकसानभरपाईबद्दल, एक छोटे प्रकरण आहे. रंगारी, धोबी, शिंपी यांसारख्या धंदेवाईक कारागिराला दिलेली वस्तू ही त्याच्याकडे अमानत असते, असे तिथे सांगितले आहे. ती त्याच्या हलगर्जीपणाशिवाय चोरीला गेली तर तावान घेऊ नये. पण त्याच्या कामामुळेच ती खराब झाली, उदाहरणार्थ धुताना कपडा फाटला, तर तावान घेणे योग्य आहे.

तेवढ्यावर माझे समाधान झाले नाही. अब्बांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, कपाटात 'हिदाया'चा उर्दू तर्जुमा आहे. बाराव्या शतकातल्या या ग्रंथात इजाऱ्याच्या, म्हणजे मोबदला देऊन काम करून घेण्याच्या प्रकरणात यावर एक बाबच आहे. तिथे धोब्याच्या आपटण्याने फाटलेला कपडा आहे, घसरून पडलेला हमाल आहे, तुटलेला दोर आहे आणि ओढताना बुडालेली नावही आहे. इमाम जुफर यांचे मत कारागिराच्या बाजूचे : काम करायची परवानगी मालकानेच दिली होती, मग जबाबदारी कशी? त्यावर हनफी इमामांचे उत्तर मला फार पटले. परवानगी होती ती चांगल्या कामाची, बिघडवण्याची नव्हती. गाडी गॅरेजमध्ये देताना आपण जी सही करतो, तिचाही अर्थ यापेक्षा वेगळा नाही.

आणि या दोन्ही पुस्तकांत लगेच पुढे दुसरी गोष्ट आहे. जो दहा जणांची कामे घेतो त्या धंदेवाईकाचा हुकूम वेगळा आणि जो एकाच मालकाकडे नोकर आहे त्याचा वेगळा. नोकराच्या हातून काम करताना नुकसान झाले तर त्याच्याकडून तावान घेता येत नाही, त्याने जाणूनबुजून केले असेल तरच. त्या रात्री वाचताना हा भाग मी तसाच पुढे सोडला. त्याचे काम नंतर पडले.

कायद्याचेही थोडे सांगते, कारण ते आपल्याच उपयोगाचे आहे. १८७२ च्या करार कायद्यात दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणाऱ्याने ती स्वतःच्या वस्तूसारखी सांभाळावी, असे आहे. जॉब कार्डच्या तळाला बारीक अक्षरात 'गाडी मालकाच्या जबाबदारीवर' असे छापलेले असते. तेवढ्याने निष्काळजीपणा माफ होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, तो २०२० च्या जुलैपासून लागू आहे. पैसे देऊन घेतलेल्या सेवेत त्रुटी राहिली तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, आणि ती आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. त्याआधी १९१५ या क्रमांकावर फोन करून तक्रार नोंदवता येते. पण या सगळ्यासाठी बिल लागते. 'बिल नको, शंभर कमी करतो' यात आपण शंभर रुपयांना आपला पुरावा विकत असतो. आणखी एक : नुकसान गाडी ताब्यात घेतानाच दिसले आणि गॅरेजवाला पैसे दिल्याशिवाय गाडी सोडेना, तर त्याच्या मजुरीपोटी गाडी अडवायचा हक्क त्याला कायद्यानेच आहे. तिथे आवाज चढवून उपयोग नसतो. बिलावर 'नुकसानीबाबत हरकत राखून रक्कम दिली' असे लिहावे, त्यावर त्याची सही घ्यावी, गाडीचे फोटो काढावेत आणि गाडी घेऊन यावी.

मी एका पानाचे पत्र मराठीत लिहिले. तारीख, सर्व्हिसिंगचा बिल क्रमांक, काय झाले, किती खर्च आला, पंधरा दिवसांत भरपाई मिळावी. रागाचा एकही शब्द त्यात घातला नाही. तो लिहिला की समोरचा मुद्दा सोडून त्या शब्दावरच भांडतो. बाशी ईद झाल्यावर पत्र, फोटो आणि ती पिशवी घेऊन गॅरेजमध्ये गेले. हे सोबत येतो म्हणाले. मी म्हटले, तुम्ही आलात की उस्ताद तुमच्याशीच बोलतील आणि बोल्ट काय ते तुम्हाला ठाऊक नाही. ते घरीच थांबले.

उस्तादांनी पत्र वाचले. बोल्ट हातात घेऊन फिरवला, टेपवर अंगठा घासला. दगडाची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही. मग मागे वळून हाक मारली. माझा विद्यार्थी हात पुसत आला, मला सलाम केला आणि खाली बघत उभा राहिला.

"यानंच केलं तुमच्या गाडीचं काम," उस्ताद म्हणाले. "तुमचे पैसे बुडणार नाहीत मॅडम. महिन्याला दीड हजार याच्या पगारातून कापतो. सहा महिन्यांत फिटतील."

त्या पोराचा पगार नऊ हजार. त्याच्या घरात दीड हजार म्हणजे काय, हे मला त्याच्या बहिणीमुळे माहीत आहे. गेल्या जूनमध्ये तिच्या वह्यांचे पैसे तीन वेळा मिळून आले होते. मी म्हटले, "त्याच्या पगारातून येणार असतील तर मला नकोत. पण मला हवेत, आणि तुमच्याकडून हवेत."

"मग पोरं शिकणार कशी? खिशाला झळ बसल्याशिवाय हात सुधारत नाही."

"गाडी मी तुमच्या हातात दिली होती. बिलावर नाव तुमच्या गॅरेजचं आहे. नफा झाला असता तर तो याला वाटला असता का?" आणि मग पुस्तकात वाचलेले सांगितले. धंदेवाईकाचे वेगळे, नोकराचे वेगळे. उस्ताद पाच वेळचे नमाजी आहेत, मुद्दा त्यांना लगेच कळला. पण माणूस हुशार! म्हणाले, "जाणूनबुजून केलं तर नोकरावरही येतो ना? टेप तर जाणूनबुजूनच लावली."

मला यावर पटकन उत्तर सुचले नाही. मुद्दा बरोबर होता. मी मुलाकडे पाहिले. शाळेत हा चूक झाली की भडाभडा बोलून टाकायचा. आता तो एअर गनच्या पाइपशी चाळा करत होता. काहीच बोलला नाही. मीही विचारले नाही. मालकासमोर, नोकरी हातात असताना, त्याला 'खरं सांग' म्हणणे मला बरे वाटले नाही.

बऱ्याच वेळाने उस्तादच म्हणाले, "जा, तू काम कर." तो गेल्यावर बोल्ट परत पिशवीत ठेवला. "चांद दिसायच्या आधी सहा गाड्या सोडायच्या होत्या. हा आला सांगायला, आटे गेले म्हणून. मीच म्हणालो, टेप मार आणि सोड, ईदनंतर बोलावून घेऊ."

"आणि बोलावलं नाहीत."

"राहून गेलं."

त्यानंतर बोलणे फक्त पैशांचे झाले. नव्या पॅनचे अर्धेच देतो, जुना पॅन आठ वर्षांचा होता, असे त्यांनी एकदा म्हणून पाहिले. यात थोडे तथ्य आहे. ग्राहक आयोगातही असा मुद्दा निघू शकतो. मी म्हटले, पॅन झिजणारी वस्तू नाही, तो गाडीबरोबर चालला असता. ऑइलच्या बाबतीत त्यांचे पैसे मी आधीच दिले होते, तेच ऑइल रस्त्यावर गेले, म्हणून तेही सोडले नाही. टोइंगवर मात्र त्यांनी हुज्जत घातली नाही. दोन हप्त्यांत ८,४५० द्यायचे ठरले. कागदावर मी लिहिले : रक्कम गॅरेजचे मालक स्वतः देत आहेत, कोणत्याही कामगाराच्या पगारातून कापलेली नाही. ही ओळ वाचून त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "एवढंही लिहायचं?" मी म्हटले, "मी शाळेत सगळं लिहूनच घेते." त्यांनी सही केली.

कागदावर लिहिले म्हणून पगार कापला जाणार नाही, याची खात्री काही मिळत नाही. म्हणून पुढचे दोन महिने त्याच्या बहिणीला वर्गात सहज विचारत राहिले, भाईचं कसं चाललंय, पगार वेळेवर मिळतो ना. मिळत होता, पूर्ण. हा भोचकपणा वाटेल कुणाला. वाटू दे.

पहिल्या हप्त्याचे पाच हजार त्याच दिवशी मिळाले. दुसरा महिनाभराने आला, तीन हजार. उरलेल्या साडेचारशेबद्दल उस्ताद म्हणाले, "पुढच्या सर्व्हिसिंगला वळते करू." मी पावतीवर '४५० रुपये येणे बाकी' असे लिहून त्यांची सही घेतली. ती पावती गाडीच्या कागदांबरोबर डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे. पुढची सर्व्हिसिंग येत्या महिन्यात आहे.